वायरलेस स्पीकरचं रेकॉर्डिंग: फोन, रेकॉर्डर की कानातले माइक?

वायरलेस स्पीकरचा रिव्ह्यू करताना स्पीकर ऐकणं सोपं असतं, तो दुसऱ्याला ऐकवणं अवघड. खोलीतला आवाज माइकमधून जातो, फाइलमध्ये दाबला जातो आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या हेडफोनमधून बाहेर पडतो. त्या हेडफोनचाही स्वतःचा रंग असतोच. म्हणून ‘हा स्पीकर असा वाजतो’ हे रेकॉर्डिंगमधून ठामपणे सांगता येत नाही. ‘हा त्याच्यापेक्षा असा वेगळा वाजतो’ एवढं मात्र ऐकवता येतं, आणि माइक निवडायचा तो त्यासाठी.

फोन मी लगेच बाद करतो. त्याचा माइक बोलणं टिपण्यासाठी जुळवलेला असतो. आवाज चढला की तो आपणहून पातळी खाली ओढतो, उतरला की वर. त्यामुळे दमदार आणि किरकोळ स्पीकर जवळपास सारखेच ऐकू येतात. काही अॅपमध्ये हे बंद करता येतं, तरी खालचा खर्ज बऱ्याचदा हाती लागत नाही.

दोन माइकचा हातातला रेकॉर्डर हा सुरक्षित पर्याय. ऑटो लेव्हल (पातळी आपोआप बदलणं) आणि लो कट (खर्ज कापणं) बंद करा, गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, हाताने लावा, 24 बिट, 48 किलोहर्ट्झमध्ये नोंदवा. हे रेकॉर्डिंग हेडफोनवर, लॅपटॉपवर, कुठेही ठीक वाजतं. अडचण येते ती खोलीची. आपण समोर बसून ऐकतो तेव्हा मेंदू भिंतींचा घुमारा बाजूला सारतो. माइक काहीच सारत नाही. दोन मीटरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग म्हणूनच बाथरूममधलं वाटतं. अगदी जवळ गेलात तर खर्जाचा आणि वरच्या सुरांचा आवाज देणारे वेगवेगळे ड्रायव्हर एकजीव होत नाहीत. साधारण एक मीटर ही तडजोड मला पटते.

खरेपणा हवा असेल तर बायनॉरल, म्हणजे दोन्ही कानांत एकेक माइक. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोहोचतो, डोक्याच्या आडोशाने त्याचे वरचे सूर मऊ होतात, कानाची पाळी त्याला आणखी वळण देते. हे सगळं जसंच्या तसं टिपलं जातं. स्टुडिओत यासाठी न्यूमन कंपनीचं केयू 100 हे कृत्रिम डोकं वापरतात; आपल्याला आपलं डोकं आहेच. हेडफोन लावला की स्पीकर कुठे ठेवलाय हे कळतं, आणि घुमारा दिशेसकट आल्यामुळे तो खुपतही नाही.

पण आवंढा गिळलात तरी तो रेकॉर्ड होतो, मान वळली की अख्खी खोली फिरते. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, त्यामुळे समोरचा स्पीकर काहींना डोक्याच्या आत किंवा मागे वाजल्यासारखा वाटतो. आणि हेच रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं तर डाव्या-उजव्याची सरमिसळ होऊन सारा परिणाम विस्कटतो.

मोजमापाचा माइक चौथा, पण तो ऐकवण्यासाठी नाहीच. कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची चूक भरून काढणारी) आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर यांच्या मदतीने आलेख काढा, आपल्या कानाची खातरजमा करा, बस्स.

यातलं काहीही घेतलंत तरी पातळी जुळवली नाही तर कष्ट वाया. जेमतेम एक डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचं कारण कळतही नाही. पिंक नॉइज (खर्जापासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेला एकसलग खरखराट) लावून ऐकण्याच्या जागी प्रत्येक स्पीकर मोजा, सगळे एकाच टेबलावर त्याच ठिकाणी ठेवा. कोपऱ्यात सरकवला की खर्ज फुगतो. छोटे ब्लूटूथ स्पीकर मोठ्या आवाजात ड्रायव्हर वाचवण्यासाठी बऱ्याचदा खर्ज कापतात, म्हणून एक रेकॉर्डिंग हळू आणि एक जोरात, अशी दोन घ्या. एडिटिंग करताना प्रत्येक तुकडा वेगळा नॉर्मलाइज करू नका, म्हणजे त्याची पातळी वेगळी वाढवू नका. सुरुवातीला मूळ गाण्याचा तोच तुकडा थेट फाइलमधून ऐकवा, म्हणजे तुलनेला पाया मिळतो.

तुमचे श्रोते हेडफोन लावून बसणारे असतील तर मी कानातले माइकच सुचवेन. फोनच्याच स्पीकरवर ऐकणारे असतील तर रेकॉर्डर. ठरत नसेल तर आधी रेकॉर्डर घ्या, पण त्याच्या माइकच्या सॉकेटला प्लग-इन पॉवर (माइकला सॉकेटमधूनच मिळणारी थोडी वीज) आहे ना, ते पाहून. कानातले बरेच माइक त्यावरच चालतात, त्यामुळे पुढे ते घेतलेत तरी दुसरं यंत्र लागणार नाही.