गणिताचं बेसिक कच्चं आहे: आधी मागचं, की नववीसोबतच?

आठवीचा निकाल लागला की ठाण्यात पाचपाखाडीला माझ्याकडे गणितासाठी येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, बेसिक कच्चं आहे." मग प्रश्न येतो, मे महिन्यात फाउंडेशन बॅच लावून पाचवीपासून सगळं घोटून घ्यायचं, की जूनमध्ये नववी सुरू झाली की जादा तास ठेवून, अडेल तिथे मागे जायचं?

पहिल्याचा मोह मला कळतो, मीही त्याला भुलले आहे. एका मुलीकडून अख्खा मे अपूर्णांक, टक्केवारी, लसावि करून घेतलं. छान जमलं. जुलैत बहुपदी आल्या. उणे ३, कंसात एक्स उणे ४. तिने लिहिलं, उणे ३ एक्स उणे १२. घोडं अडलं होतं ते कंस सोडताना चिन्ह बदलण्यापाशी, आणि त्याला आम्ही महिनाभर हातच लावला नव्हता.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये आधी मागचं की सोबतच, हे पडताळून पाहिलं. गणितात कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. नुसत्या उजळणीच्या बीजगणितात ३९ टक्के पास झाले, त्याच वर्गाला जोडतास, म्हणजे सोबतचे जादा तास, दिल्यावर ४५. उजळणी वगळून थेट कॉलेजचं संख्याशास्त्र आणि जोडतास घेतलेले ५६ टक्के. अर्थात ती कॉलेजची मुलं, आणि विषयही बदललेला. आपल्या नववीत बीजगणिताला बगल देता येत नाही. गणित भाग १ मध्ये ते आहेच आणि दहावीला ४० गुणांचा वेगळा पेपर. तरी जोडतासाची गोष्ट इथेही लागू पडते, असं माझं मत.

मग फाउंडेशन कोणाला? आज रात्री कागदावर दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश करायला द्या. उत्तर तीन सप्तमांश आलं, म्हणजे वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवले, तर मे महिना तिथेच घालवा. पाढेही अडखळत असतील तर दुसरा विचारच नको. अकरा द्वादशांश आलं, तर पोराला सुट्टीत खेळू द्या, जूनपासून जादा तास पुरे.

फक्त तो तास घेणारा नीट बघून घ्या. चाळीस जणांच्या बॅचमध्ये कोण कुठे अडलं हे कळत नाही. क्लासला थेट विचारा: मूल अडलं तर सातवीचं पुस्तक उघडाल का? "पोर्शन मागे पडेल" असं उत्तर आलं, तर फी भरू नका.