फ्रोझन फ्राइज की मंडईतला बटाटा? ओटीजी असलेल्यांसाठी

ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, घरात आला की पहिल्या महिन्यात केक होतो, दुसऱ्यात नानकटाई, आणि तिसऱ्यापासून त्यात फक्त फ्राइज भाजले जातात. आमच्याकडे तरी असंच झालं. मग रोजचा प्रश्न: फ्रीजरमधलं पाकीट फोडायचं, की बटाटे आणून चिरत बसायचं? मी दोन्ही भरपूर करून पाहिलंय. कढईत तळायचं की भाजायचं, हा वाद इथे नको. तळलेल्या फ्राइजमध्ये 100 ग्रॅममागे 15 ग्रॅमच्या आसपास फॅट आणि 300च्या वर कॅलरी जातात, आणि ते परवडत नाही म्हणूनच तर आपण ओव्हनपाशी आलोय.

घरात सगळ्यांचा समज एकच: पाकिटातलं तेलकट, घरचं हलकं. पहिला अर्धा भाग खरा आहे. पाकिटावर ‘बेक करा’ असं लिहिलेलं असलं तरी ते फ्राइज गोठवण्याआधी कारखान्यात एकदा तेलातून निघालेले असतात. कच्च्या बटाट्यात फॅट जवळपास नसतंच, पाकिटातल्या फ्राइजमध्ये ते भाजून झाल्यावर 100 ग्रॅमला साधारण 5 ग्रॅम भरतं आणि कॅलरी 160-170च्या घरात जातात.

आता घरचा हिशेब बघा. अर्धा किलो सोललेले बटाटे, त्यावर एक मोठा चमचा तेल, म्हणजे 14 ग्रॅम. कच्च्या बटाट्याच्या 100 ग्रॅमला 77 कॅलरी धरल्या, तर सगळ्या घाण्यात तेलासकट पाचशेच्या आसपास होतात. भाजताना पाणी उडून ताटात येतं तीनशे ग्रॅमच्या आगेमागे. भागाकार करा: 100 ग्रॅमला साडेचार ग्रॅम फॅट आणि 170 कॅलरी. ताटात येईपर्यंत दोघे सख्खे भाऊ झालेले असतात! हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा चूक शोधत दोनदा तपासलं होतं. तेल कमी घातलं तर घरचे हलके होतील हे कबूल, पण मग ते फ्राइज राहत नाहीत, भाजलेल्या बटाट्याच्या कोरड्या काड्या होतात. मुलं त्या उचलून वरणभाताच्या कडेला ठेवून देतात.

पाकिटावरचे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा. ते बहुधा गोठलेल्या वजनाचे असतात, भाजलेल्या नाही. म्हणून ते ताटातल्या शंभर ग्रॅमपेक्षा थोडे कमी दिसतात.

घरच्याची बाजू तरीही भक्कम आहे. तेल आपल्या पसंतीचं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत पामतेल असतं आणि त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग सॅच्युरेटेड फॅट असतो, शेंगदाणा तेलात तो पाचवा हिस्साही नसतो. मीठ आपल्या हातात असतं. साल ठेवली तर तंतू जास्त मिळतात. कारखान्यात फोडी गरम पाण्यातून काढतात, तेव्हा थोडं क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्याबरोबर जातं, ते घरी वाचतं. (अर्थात घरीही आपण अर्धा तास फोडी पाण्यात भिजत घालतोच, तेव्हा फार ताठ्याने बोलू नये.) आमच्या आईने पाकीट एकादशीच्या हिशेबाने वाचलं होतं. बटाटा चालतो, तेल चालतं, डेक्स्ट्रोज या साखरेच्या नावापाशी तिने चष्मा काढला.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, घरीच करा. मीही वर्षभर तेच केलं. माझं घोडं अडलं ते गोड बटाट्यापाशी.

ज्यांनी पावसाळ्यात बटाटे आणलेत त्यांना वेगळं सांगायला नको. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बसतो. तिथे 2 ते 4 अंशांत त्याला कोंब येत नाहीत, पण त्या थंडीत त्याच्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. भाजीवाला शपथेवर सांगतो, ‘तळेगाव आहे साहेब, गोड निघाला तर परत आणा.’ चिरलेला बटाटा कोण परत नेणार? दिसायला एकसारख्या दोन बटाट्यांतला एक ठीक निघतो आणि दुसरा रताळ्याचा चुलतभाऊ. भाजीत मिरची-लिंबाने निभावून नेता येतं. ओव्हनमध्ये नाही. 200 अंशांवर पंचविसाव्या मिनिटाला गोड बटाट्याच्या काड्या बाहेरून तपकिरी झालेल्या असतात आणि आतून मऊच. त्याच ट्रेमधल्या शेजारच्या काड्या अजून पांढऱ्या. मी अक्षरशः चिमट्याने एकेक उचलून बाहेर काढत बसलोय, आणि घरात भूक लागलेली माणसं मागे उभी.

हा नुसता चवीचा त्रास असता तर सोसला असता. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्टार्चचे पदार्थ तळताना-भाजताना अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. युरोपात फ्राइजसाठी किलोमागे 500 मायक्रोग्रॅमचा मापदंड ठेवलेला आहे. बटाट्यात साखर जास्त तर रंग लवकर गडद, आणि अ‍ॅक्रिलामाइडही जास्त. सोनेरी रंगावर थांबा, तपकिरी होऊ देऊ नका, असं सगळे सांगतात, पण गोड बटाटा सोनेरीवर थांबतो कुठे? म्हणूनच बटाटा घरच्या फ्रीजमध्येही ठेवू नये.

कारखान्याला हा जुगार परवडत नाही. ते फ्राइजसाठीचे वाण घेतात, त्यात पाणी कमी असतं, आणि साठवण कोल्ड स्टोरेजपेक्षा उबेत करतात. फोडींतली साखर गरम पाण्यात काढून टाकतात आणि मग रंग सारखा यावा म्हणून बरेचदा डेक्स्ट्रोजच्या पाण्यात बुडवतात. म्हणजे बटाट्याची साखर काढून मोजून आपली घालायची! हसू येतं, पण माझ्या ट्रेमधले फ्राइज वीस मिनिटांत सगळे एका रंगाचे निघतात, आणि ते काळे पडायच्या आत मला कळतं.

माझा आग्रह नाही. माघ-फाल्गुनात नवा माल आला, किंवा गणपतीनंतर मंचर-खेडकडचा ताजा बटाटा मिळाला, की घरी जरूर करा. नव्यात पाणी जास्त असल्याने तो कुरकुरीत कमी होतो, पण लवकर करपत नाही. ज्यांना मीठ जपायचंय त्यांनी तर घरचेच करावेत.

आमच्या फ्रीजरमध्ये मात्र सध्या मटारांच्या शेजारी पाकीट असतं. निवडताना मी एकूण फॅटपेक्षा सॅच्युरेटेड फॅट आणि सोडियमच्या ओळी आधी बघतो. दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम हा हिशेब लेबलवरच्या टक्क्यांमागे असतो, तो धरून. ट्रे आधी तापवून घेतो, एका थरात पसरतो, वरून तेल नाही, मीठ नाही. पाकीट अर्धं वितळू दिलं तर गोळा होतो, तेव्हा लागतील तेवढेच काढून बाकीचे लगेच आत.

आणि चुकून गोड बटाटे आलेच घरी, तर त्यांच्या काचऱ्या होतात, तिखट जरा सढळ हाताने घालून.