शिक्षण परिषद, दीक्षा की शेजारच्या शाळांचा अभ्यासगट?

खानदेशातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकाला शिक्षकांच्या शिकण्यासाठी वेळ मोजूनमापूनच द्यावा लागतो. एकत्र शिकायला हवं, यावर शिक्षकांमध्ये फारसं दुमत नाही. मतभेद होतात ते ‘मुलांपर्यंत काय पोचलं?’ या प्रश्नावर.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचं प्रशिक्षण सोयीचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे, ते तास इथे भरतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र रेंजची अडचण येते, आणि हे शिकणं एकट्याचंच राहतं.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत अख्खं केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले सगळे शिक्षक, भेटतं. चांगला आदर्श पाठ पाहून नव्या शिक्षकाला खरंच हुरूप येतो. पण बराच वेळ परिपत्रकं आणि माहिती भरण्याच्या सूचनाच खातात.

माझा कौल अभ्यासगटाला. शेजारच्या दोन-तीन शाळांचे शिक्षक मुलांच्या वह्या समोर घेऊन बसतात. ५२ वजा २७ बरोबर ३५, असं चार वह्यांत सापडलं की मूल ‘कच्चं’ नाही, ते वरचा-खालचा न पाहता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, हे उमगतं. मग दशकाचा गठ्ठा सोडून काड्या सुट्या करायच्या, हा उपाय सगळ्यांच्या वर्गात जातो. अहिराणी बोलणारं मूल ‘मला’ऐवजी ‘माले’ लिहितं, तेव्हा लाल रेघ मारायची की दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी मांडायची, यावरही इथेच मोकळं बोलता येतं. धडगावकडे पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांसाठी तर अशी चर्चा फारच गरजेची.

व्हेसिओ, रॉस आणि ॲडम्स या संशोधकांनी २००८ मध्ये अशा गटांवरच्या ११ अभ्यासांचा आढावा घेतला. विद्यार्थ्यांच्या शिकण्याकडे पाहणाऱ्या आठही अभ्यासांत सुधारणा दिसली. हे अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, तरी कळीची गोष्ट इथेही लागू पडते: चर्चा मुलांच्या शिकण्यावरच टिकली पाहिजे.

अडचणी आहेत. द्विशिक्षकी शाळेतून एक जण गेला, की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची वेळ बरी. पाठ बघायला आलेला सहकारी तपासणीला आल्यासारखा वाटला, तर कोणी आपली अडचण उघड करत नाही. त्यामुळे पहिले काही महिने फक्त वह्या पाहाव्यात, शेरे कुठेही नोंदवू नयेत.

शाळा दूरदूर असतील आणि गट जमत नसेल, तर केंद्रप्रमुखांना विनंती करून परिषदेचा शेवटचा तास वह्यांसाठी मागून घ्यावा.