फ्रेमचं काम एक नंबर, पण शोकेसमध्ये सगळे कपवालेच

चार स्टार देतोय. एक का कापला ते पुढे येईलच.

आमच्या बिल्डिंगच्या कॅरम-टेबल टेनिसच्या खोलीला नवीन रंग दिला, मग भिंत मोकळी दिसायला लागली आणि कमिटीत ठरलं की खेळाडूंचे फोटो लावूया. सेक्रेटरींचं म्हणणं सरळ होतं, 83 चा कपिल, 2011 चा धोनी, विषय संपला. मी म्हटलं ते फोटो पोरांच्या मोबाईलमध्ये रोज दिसतातच की, आपण अशी माणसं लावू ज्यांच्याकडे बघून हा माणूस म्हणून भारी होता असं वाटेल, मग मॅच हरला का असेना. मीटिंगमध्ये हसले सगळे, पण वर्गणीतली रक्कम माझ्या हातात होती त्यामुळे झालं माझ्या मनासारखं.

तर हे फ्रेमचं दुकान. दादरला असूनसुद्धा बाहेरच्या शोकेसमध्ये मेस्सी कप घेऊन, रोनाल्डो, धोनीचा सिक्स, विराट, आणि बाजूला ते सात घोडे. रेडिमेडमध्ये शिवाजी पार्कातला एकही जुना खेळाडू नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. काकांना विचारलं तर म्हणाले, विकलं जातं ते ठेवतो. ठीक आहे, धंदा आहे.

पण स्वतःचं मटेरियल घेऊन जाल तर काम बघाच. माझ्याकडे जुन्या क्रीडा मासिकांची कात्रणं होती, पिवळी पडलेली, मधोमध घडी. पहिलं कात्रण गुंडाप्पा विश्वनाथचं. आता हा माणूस कॅप्टन म्हणून रेकॉर्डला बघाल तर 2 टेस्ट, 1 ड्रॉ, 1 हार, बास. पण ती हारलेली टेस्ट म्हणजे फेब्रुवारी 1980, आपलं वानखेडे, बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची मॅच. आपले 242, इंग्लंड 5 बाद 58, म्हणजे मॅच जवळजवळ खिशात, आणि कपिलच्या बॉलवर बॉब टेलरला अंपायरने कॅच-बिहाइंड आऊट दिला. टेलर म्हणतोय बॅट लागलीच नाही, स्लिपमधून विश्वनाथलाही तसंच वाटलं, त्याने अंपायरला विनंती करून टेलरला परत बोलावलं. पुढे बोथम आणि टेलरची 171 ची पार्टनरशिप झाली, बोथमचे 114 आणि मॅचमध्ये 13 विकेट, आणि आपण 10 विकेटनी हरलो. आमच्या सेक्रेटरींच्या मते हा शुद्ध मूर्खपणा, टीमचं नुकसान केलं. मला विचाराल तर त्या दिवशी वानखेडेवर याच्याइतकं भारी कोणीच काही केलं नाही, बोथमनेसुद्धा.

घडीची रेष काकांनी स्कॅन करून बरीच घालवली, आणि मी मोठ्ठं पोस्टर करा म्हणालो तर स्पष्ट नाही म्हणाले. छापील फोटो वाढवला की दाणे दिसतात, बारा बाय अठरा इंचातच ठेवा आणि बाजूने रुंद माउंट (फोटोभोवतीची कार्डाची चौकट) टाकू. दुसरा कोणी असता तर चोवीस बाय छत्तीस करून बिल वाढवलं असतं. लॉरेन्स लेमिउचा फोटो मी नेटवरून घेऊन गेलो होतो (कॅनडाचा सेलर, 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रेसमध्ये दुसरा चालला होता, सिंगापूरच्या बोटीतले दोघे समुद्रात पडलेले दिसले तेव्हा रेस सोडून त्यांना वाचवायला गेला) तो तर त्यांनी घेतलाच नाही, म्हणाले चांगली कॉपी आणा. वाईट वाटलं पण बरोबर होतं.

कॅप्शन मराठीत टाइप करून देतात, एक्स्ट्रा चार्ज. इथे लक्ष द्या. डीटीपीवाल्या मुलाने "विश्वनाथन" करून ठेवलं होतं, म्हणजे क्रिकेटरच्या खाली बुद्धिबळवाला. सांगितल्यावर हसून फुकट बदलून दिलं, तरी प्रूफ नीट वाचूनच ओके द्या.

कोर्टनी वॉल्शचं कॅप्शन लिहिताना तर दुकानात वादच झाला. 1987 चा वर्ल्ड कप, लाहोर, पाकिस्तानला शेवटच्या बॉलवर 2 हवेत, शेवटची जोडी, नॉन-स्ट्रायकर सलीम जाफर बॉल पडायच्या आधीच क्रीजच्या बाहेर निघालेला, म्हणजे वॉल्श त्याला तिथेच आऊट करू शकला असता. वॉल्शने बेल्स उडवल्या नाहीत, नुसती ताकीद दिली आणि परत मागे गेला. समोर बॅटिंगला असलेल्या अब्दुल कादिरने 2 काढले, वेस्ट इंडिज हरले आणि सेमीफायनललाही पोचले नाहीत. माझ्याबरोबर बिल्डिंगमधली एक मुलगी होती, अकॅडमीत ऑफस्पिन टाकते, ती लगेच म्हणाली, काका मग दीप्तीने लॉर्ड्सवर केलं ते चूक का? (दीप्ती शर्माने तिथे इंग्लंडच्या नॉन-स्ट्रायकरला असंच आऊट केलं होतं.) अजिबात नाही. 2022 पासून तो प्रकार नियमांच्या पुस्तकातही साध्या रनआऊटमध्येच मोडतो, आणि जाफर असता आऊट तरी कोणी वॉल्शला कोर्टात खेचलं नसतं. दीप्ती हक्काने खेळली, वॉल्शने हातातला हक्क सोडला, त्यातही टीममधल्या बाकी दहा जणांचं काय हा प्रश्न उरतोच. मला तरी त्याचं उत्तर नाही सुचलं, पण फोटो त्याचाच लावला. मुलीला पटलेलं नाही, तिला दीप्तीचाही हवाय, पुढच्या वर्गणीत बघू.

अख्वारीचा फोटो सगळ्यात चांगला उतरला. टांझानियाचा धावपटू, 1968 मेक्सिको मॅरेथॉन, पडून गुडघा फुटला तरी पायाला पट्टी बांधून रेस पूर्ण केली, जिंकणाऱ्यानंतर तासाभराहून जास्त वेळाने, सगळ्यात शेवटी. ब्लॅक अँड व्हाइटला फ्रेमची काळी पातळ पट्टी सुचवली काकांनीच, मी आपला गोल्डन म्हणत होतो.

आणि पद्माकर शिवलकर ऊर्फ पॅडी, मुंबईचा डावखुरा स्पिनर. ते कात्रण काढल्यावर काकांनी मशीन बंद केलं, कारण त्यांनी पॅडीला जिमखान्याच्या नेटमध्ये बॉलिंग टाकताना बघितलंय. फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट आणि भारताची एकही टेस्ट नाही. कमिटीतले एक मेंबर नंतर म्हणाले की हा तर रेकॉर्डवालाच झाला की, तुमचा नियम मोडला. बरोबर आहे त्यांचं, पण पुढे तसाच डावखुरा स्पिनर बिशनसिंग बेदी उभा असताना, इंडिया कॅप मिळणार नाही हे कळत असताना चाळिशी उलटल्यावरही मुंबईसाठी तोच टप्पा धरून टाकत राहायचं, हे 589 मध्ये कुठे लिहिलेलं असतं? असो, इथे फ्रेमबद्दल लिहायचंय.

रेट: प्रिंट, माउंट, पट्टी, काच धरून फ्रेममागे साडेआठशे पडले, कॅप्शनचे वेगळे. दादरच्या मानाने ठीक. मागून ब्राऊन टेप एकदम बंद मारतात, त्यामुळे पावसात आत दमट होत नाही, आमच्या पावसाळ्यातून सगळ्या नीट निघाल्यात. हूक मात्र हलका देतात, तो बदलून घ्या. एक स्टार कापला तो तारखेसाठी, "परवा या" हा यांचा आवडता डायलॉग आहे आणि फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात फक्त. अ‍ॅडव्हान्स निम्मा, यूपीआय चालतं, सोमवारी बंद. आणि खेळाच्या खोलीसाठी घेत असाल तर काच नको, ॲक्रिलिक मागा, ते स्वतःहून सांगत नाहीत आणि कॅरमचा स्ट्रायकर कुठे उडेल याचा भरवसा नसतो.