गार्मिन ईट्रेक्स २२एक्स: डब्या शोधत फिरणाऱ्यांसाठी

जिओकॅशिंग, म्हणजे दुसऱ्यांनी लपवलेल्या डब्या जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ, मोबाइलवरही होतं, पण पावागढच्या चढावर भर उन्हात मोबाइलचा स्क्रीन दिसेनासा होतो आणि दुपारपर्यंत बॅटरी मान टाकते. म्हणून हे हातात मावणारं जीपीएस यंत्र घेतलं. दोन साध्या पेन्सिल (एए) सेलवर कंपनी २५ तास सांगते, आणि सेल आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातही मिळतात. टचस्क्रीन नाही, अंगठ्याने ढकलायची बारकी कळ आहे, घामेजल्या हातानेही चालते.

घेण्याआधी एक समजून घ्या: यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, ते याच मालिकेतल्या ३२एक्समध्ये आहे. त्यामुळे उभं राहिलं की स्क्रीनवरचा दिशा दाखवणारा बाण भरकटतो. चार पावलं चाललात की ताळ्यावर येतो. कमाटीबागेत दाट वडाखाली खूण करून परत शोधली, तर काही मीटरचा फरक पडलाच. तिथून पुढे डोळ्यांचं काम. दगडांच्या फटी, मुळांच्या बेचक्या बघायच्या, पण काही उपटायचं नाही, आणि आसपास माणसं असतील तर थांबायचं. डबी सापडली की आतल्या वहीत सही करून ती होती तशीच ठेवायची. चांपानेरच्या जुन्या वास्तूंमध्ये कृपा करून काही लपवू नका. २००४ पासून तो जागतिक वारसा आहे.

नवशिक्यांना मी हेच सुचवेन. फक्त स्क्रीन २.२ इंचांचा आहे, जवळचा चष्मा असेल तर सोबत ठेवा.