देवपूरचं सलून: कटिंग साडेतीन स्टार, चर्चा पाच

धुळ्यात देवपूरला राहायला आलो तेव्हापासून कटिंग इथंच. मशीन कमी, कात्री जास्त, मानेवरचं काम एकदम साफ, ब्लेड डोळ्यासमोर नवीन लावतात. टॉवेल मात्र बदला आता दादा, आणि रविवारी सकाळी गेलात तर तास-दीड तास गेलाच समजा. पण रिव्ह्यू लिहायचं कारण वेगळंय.

बाकी सलूनात आरशावर 'राजकीय चर्चा करू नये' पाटी असते ना, इथं नाहीये. टीव्हीवर ज्याला फूट पाडणारं राजकारण म्हणतात त्याला लोक मत का देतात, हे मला त्या पॅनलवाल्यांपेक्षा इथल्या बाकड्यावर जास्त कळलं, कारण दादा वादच घालत नाहीत. हातात वस्तरा, गिऱ्हाईक सगळ्या पक्षांचं, वाद घालून धंदा कसा करणार? ते नुसतं विचारतात, "मग तुम्हाला काय वाटलं तेव्हा?" आणि गप्प. समोरचा आपोआप बोलायला लागतो.

8 नोव्हेंबर 2024 ला मोदींची सभा धुळ्यातच झाली, 'एक हैं तो सेफ हैं' तिथलंच. त्याच आठवड्यात शिंदखेड्याकडचे एक आबा खुर्चीत होते, एका गालाला फेस तसाच. बाकड्यावरचा कॉलेजचा पोरगा म्हणे, आबा कापसाचा हमीभाव 7121, व्यापारी त्याच्याही खाली मागतोय अन् तुम्ही घोषणेवर मत देणार? आबा आरशातूनच बोलले, "कापूसले भाव ना यास्नी दिधा, ना त्यास्नी. मंग आपला कोन शे तेच देखसूत." पोराकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. आबांना कोणी फसवलंय असं मला तरी वाटलं नाही. भाव कोणीच देत नाही हे धरूनच ते मतदानाला जातात, मग निवडायला राहतं काय, तर आपला कोण.

आणि 'सेफ' शब्द धुळ्यात समजावून सांगावा लागत नाही. 2008 ची दंगल, मग जानेवारी 2013 ची, ती तर हॉटेलच्या बिलावरून सुरू झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. दोन्हीकडच्या लोकांनी शटर पाडून दिवस काढलेत. 2019 ला शहरातून एमआयएमचे फारुक शाह निवडून आले, त्यांना मत दिलेला एक गॅरेजवालाही इथंच दाढी करतो. तो म्हणतो, बाकीचे आम्हाला फक्त भीती दाखवून मत मागतात, हा निदान आमच्यातला. आता हे आणि आबांचं बोलणं शेजारी ठेवून बघा.

सगळ्यात गरम विषय लोकसभेचा. 2024 ला धुळे मतदारसंघात सहापैकी पाच विधानसभांमध्ये भाजपचे भामरे पुढं, मुस्लिमबहुल मालेगाव मध्यनं सगळं फिरवलं आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3831 मतांनी निवडून आल्या. हा आकडा इथं शेंबड्या पोराला पण पाठ आहे, त्याच्यावरून 'ते एकगठ्ठा, आपण विखुरलेले' हे इतकं पक्कं बसलं की नोव्हेंबरला विधानसभेच्या प्रचारकांना फार काही करावंच लागलं नाही. दादांनी एकदा हळूच विचारलं, मग त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेला दोन मुस्लिम उमेदवारांत निकाल 162 मतांवर का आला भाऊ? क्षणभर शांतता, मग कोणीतरी क्रिकेट काढलं. म्हणजे बघा, आकड्यानं माणूस हलत नाही, पण अडखळतो तरी.

एक कमतरता सांगतो. हे जेन्ट्स सलून आहे, त्यामुळं अर्धे मतदार इथं ऐकूच येत नाहीत. जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीला गेल्या त्याचं श्रेय बाकड्यावरचे सगळे घोषणेला देतात, लाडक्या बहिणीच्या 1500 बद्दल बोलायला इथं बहीण आहे कुठं? घरी आईला विचारलं तर तिनं घोषणेचं नावही काढलं नाही, हप्ता कधी पडला तेवढंच सांगितलं.

हल्ली नवीन पोऱ्या ठेवलाय, तो मोबाईलवर फुल आवाजात रील लावतो. रील लागली की बोलणं बंद, सगळे त्याच क्लिपवर माना डोलावतात, आणि दादांचा प्रश्न राहूनच जातो. दीड स्टार त्याचाच आणि टॉवेलचा कापलाय. सोमवारी बंद असतं, गर्दी नको असेल तर मंगळवारी दुपारी जा, आणि खुर्ची आतल्या बाजूची मागा, तिथं दादा स्वतः असतात.