फल्लीच्या कुटाऐवजी: जवस की तीळ?

मला फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. वांग्याच्या भाजीत कूट नाही, हे आजीला अजून पटत नाही: "चिमूटभरानं काय होते रे?" होते. म्हणून स्वयंपाक मीच शिकतोय.

जवस घरचाच, वावरातला. कोरड्या कढईत तडतडेपर्यंत भाजायचा, गार झाला की कुटायचा. कोरड्या चटणीला त्याला तोड नाही. पण पहिल्यांदा वांग्याच्या रश्श्यात मूठभर टाकला आणि भाजी भेंडीसारखी बुळबुळीत झाली. पाणी लागलं की जवसाला तार सुटतेच. आता एकच चमचा, तोही भाजी उतरवताना. कूटही आठवड्यापुरताच करतो, नाही तर खवट होतो.

तीळ विकतचा, महाग. भाजताना नजर हटली की कडू. पण रस्सा दाट होतो, चव फल्लीच्या जवळ जाते. मात्र तिळाचीही अ‍ॅलर्जी असते. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तो लिहिणं सक्तीचं आहे. मी डॉक्टरांना विचारूनच सुरू केला.

भाजीला तीळ, भाकरीसोबत जवस, असं माझं ठरलंय. खलबत्ता मात्र वेगळा घेतला. जुन्याच्या खाचांत फल्ली बसलेलीच असते.